पिशवी काढली, मग हा रिपोर्ट कसला?

प्रश्न : डॉक्टरबाई, माझी आई ६४ वर्षांची. सावईवेऱ्याला कुळागरात तिचा सगळा जन्म गेला. चार बाळंतपणं, त्यातली पहिली दोन घरीच. बरीच वर्षं तिचं अंग बाहेर येत होतं, पण ती कुणाला बोलली नाही. लघवी अडायला लागली तेव्हा कुठे सांगितलं. तिला साखर आहे, प्रेशरच्या गोळ्या आहेत, वजनही बरंच आहे. यंदा चवथ झाल्यावर खालून ऑपरेशन करून पिशवी काढली आणि सैल पडलेल्या भिंती शिवून घेतल्या. ऑपरेशन चांगलं झालं. तीन आठवड्यांनी दाखवायला गेलो तर डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे केला. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर, ग्रेड १, स्नायूच्या अर्ध्या जाडीपेक्षा कमी खोल. आम्ही अंग बाहेर येतं म्हणून गेलो आणि हे काय निघालं? आधी पॅप टेस्ट केली होती, ती नॉर्मल. सोनोग्राफीत अस्तर ७ मिलिमीटर एवढंच लिहिलं होतं. मधे एक-दोन वेळा परकराला डाग लागला होता म्हणे, पण अंग घासतं त्यामुळे होतं असं तीच म्हणायची. भाऊ म्हणतो, डॉक्टरांना आधी कळलं कसं नाही, आपण केस करूया. मावशी म्हणते, खालून ओढून काढल्यामुळे पसरला असेल. अंडाशयं आतच ठेवली आहेत. आता पोट उघडावं लागेल का? आईला अजून काही सांगितलेलं नाही. आणि आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा, पन्नाशीच्या आत आतड्याच्या कॅन्सरने गेला. तर मलाही धोका आहे का?
— एक लेक, फोंडा

उत्तर : रिपोर्टातला 'कॅन्सर' हा शब्द वाचून तुमचे डोळे तिथेच थिजले असतील, साहजिक आहे. पण त्याच्या पुढचे शब्द जास्त महत्त्वाचे. ग्रेड १ म्हणजे त्या पेशी अजून बऱ्याचशा मूळ अस्तरासारख्याच दिसतात आणि सावकाश वाढतात. अर्ध्यापेक्षा कमी खोल म्हणजे पिशवीच्या जाड स्नायूत फार आत शिरलेला नाही. पिशवीबाहेर काही नसेल तर ही पहिली पायरी (स्टेज १), आणि पहिल्या पायरीच्या अशा शंभर बायकांपैकी नव्वदहून जास्त जणी पाच वर्षांनंतरही हिंडत्या-फिरत्या असतात. शिवाय या आजारावरचा मुख्य उपचार म्हणजे पिशवी काढणं, आणि तो तुमच्या आईवर आधीच होऊन गेला आहे.

आता तुमच्या पत्रात मधेच येऊन गेलेल्या एका वाक्याकडे वळते, परकराला लागलेल्या डागाच्या. पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य ते आहे आणि तुम्ही ते 'म्हणे' लावून सोडून दिलंत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक थेंब दिसला तरी तो तपासायचा असतो. अस्तराचा कॅन्सर निघालेल्या शंभर बायकांपैकी नव्वदेक जणींना आधी असं रक्त दिसलेलं असतं. उलट बाजूने पाहिलं तर पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या शंभर जणींत साधारण नऊ-दहा जणींनाच कॅन्सर निघतो, बाकीच्यांचं कारण किरकोळ असतं. म्हणजे घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण अंगावर काढण्यासारखंही नाही. अंग बाहेर आलेल्या बाईची अडचण अशी, की तिच्याकडे सबब तयार असते: घासलं असेल, जखम झाली असेल. बरेचदा ते खरंही असतं. पण घासल्याची खूण बाहेर दिसली म्हणून आतलं अस्तर चांगलं आहे असं होत नाही.

आमच्या ओपीडीत काय होतं ते सांगते. सत्तरीची बाई समोर बसलेली, मागे मुलगा फाइल धरून उभा. मी विचारते, 'रक्तबिक्त दिसलं काय कधी?' बाई मान हलवते, नाही. मुलाला मी काउंटरवर कसलासा कागद आणायला पिटाळते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. मग पदराच्या टोकाशी चाळा करत बाई सांगते, 'शिगम्याच्या वेळी थोडं दिसलेलं.' ही युक्ती मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलीला शिकवली आहे. तरी पुष्कळ ठिकाणी गर्दीत हे राहून जातं.

म्हणून भावाला सांगा, आधी शांतपणे केसपेपर वाच. त्यात रक्त दिसल्याची नोंद असेल आणि ७ मिलिमीटरचं अस्तर पाहूनही पुढे काही केलं नसेल, तर प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं आणि अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असलं, तर अस्तराचा तुकडा काढून तपासायचा असतो. ४ किंवा त्याहून कमी असेल तर कॅन्सरची शक्यता एक टक्क्याच्या आत येते. पण डाग आईने डॉक्टरांपुढे काढलाच नसेल तर गोष्ट वेगळी. कसलाही त्रास नसलेल्या प्रत्येक बाईचा ऑपरेशनआधी तुकडा काढत नाहीत, कारण अंग बाहेर येण्यासाठी पिशवी काढलेल्या बायकांत, आधी काही संशय नसताना, कॅन्सर निघण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे. आधी कळलं असतं तर फरक काय पडला असता, हेही त्याला समजू दे. तरीही पिशवी काढलीच असती. बहुधा दुर्बिणीतून काढली असती, बरोबर नळ्या आणि अंडाशयं काढली असती, गरज वाटल्यास आसपासच्या लसिकागाठी तपासल्या असत्या. एकाच भुलीत सगळं झालं असतं, हा फायदा खरा. तो गेला. केस करायची की नाही ते तुमचं घर ठरवील. मी फक्त म्हणते, आधी आईचा पुढचा उपचार मार्गाला लावा, कोर्टाची पायरी कुठे पळून जात नाही.

पॅप टेस्टबद्दल गोव्यातच काय, सगळीकडेच गैरसमज आहे. ती पिशवीच्या तोंडाची परीक्षा आहे. उंबऱ्यावर झाडू फिरवून माजघरात काय सांडलंय ते कळत नाही, तसंच ते. अस्तराच्या पेशी कधी त्या काचेवर चुकून सापडतात, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. 'पॅप नॉर्मल आहे' याचा अर्थ तोंडाशी सध्या काही दिसत नाही, एवढाच.

मावशींच्या शंकेला उत्तर रिपोर्टातच मिळेल. पहिल्या परिच्छेदात पॅथॉलॉजिस्टने पिशवीचं वर्णन लिहिलेलं असतं: किती सेंटिमीटर, अखंड आली की तुकड्यांत. म्हाताऱ्या बाईची पिशवी आक्रसून लहान झालेली असते, त्यात अंग बाहेर आलेलं, त्यामुळे ती बहुतेक वेळा अखंडच निघते. अखंड निघालेली पिशवी खालून काढली म्हणून कॅन्सर पसरत नाही. हृदय-फुप्फुसाच्या त्रासामुळे पोटाचं मोठं ऑपरेशन न झेपणाऱ्या बायकांचा सुरुवातीच्या पायरीचा कॅन्सर कधी कधी मुद्दाम खालूनच काढतात. काळजी असते ती पोटातल्या पोटात यंत्राने पिशवी कुटून काढली तर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली त्या यंत्रांबद्दल इशारा दिला होता, तो याच भीतीने. तुमच्या आईच्या बाबतीत ते झालेलंच नाही.

हा रिपोर्ट तुमच्या हातात पडला, कारण कुणीतरी ती पिशवी तपासायला पाठवली. हे वाटतं तितकं गृहीत धरण्यासारखं नाही. काढलेली पिशवी फॉर्मेलिनच्या बरणीत घालतात, वर चिठ्ठी चिकटवतात, आणि पुष्कळ छोट्या इस्पितळांत ती बरणी नातेवाइकांच्या हातात देऊन 'लॅबमध्ये नेऊन द्या' म्हणतात. जावई ती बाजाराच्या पिशवीत गुंडाळून कदंबच्या बसमधून मांडीवर धरून नेतो. अशाच एका जावयाने मला विचारलं होतं, 'डॉक्टर, काढून टाकलेल्या वस्तूवर आणखी पैसे कशाला?' बरणी घरी माळ्यावर राहिल्याचीही उदाहरणं आहेत. लॅबमध्ये पोचली तर तिथे ती उघडून, मोजून, तोंडाचे, अस्तराचे, स्नायूचे तुकडे घेतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे मिलिमीटरपेक्षा शेकडो पटींनी पातळ काप काचेवर घेऊन गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात. त्या रंगात तुमच्या आईचा आजार सापडला. काही सर्जन टेबलावरच पिशवी उभी चिरून आत नजर टाकतात; संशय आला तर तिथल्या तिथे थिजवून तपासणी करतात. ती सोय सगळीकडे नसते. पण डोळ्यांनी पाहायला काही खर्च येत नाही, आणि माझ्या मते प्रत्येक सर्जनने ते करावं.

आता पुढचं. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथून काचा आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, लॅबवाले सही घेऊन देतात. मग बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा जमत असेल तर मुंबईला परळच्या टाटा इस्पितळात, स्त्रियांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या सर्जनकडे जा. ते आधी काचा पुन्हा वाचून घेतील, कारण पुढचं सगळं त्या वाचनावर ठरतं. गाठ किती सेंटिमीटरची, बारीक रक्तवाहिन्यांत-लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्यात का, पिशवीच्या तोंडापर्यंत पोचलाय का, हे प्रश्न त्यांना पडतील. एमआरआय किंवा सीटी सांगतील. सगळं सौम्य निघालं तर लसिकागाठी काढायची गरज बहुधा लागत नाही, शेक (रेडिएशन) लागत नाही, केमोही लागत नाही. अंडाशयांचं मात्र ठरवावं लागेल. या वयात त्यांचं काम संपलेलं असतं आणि कधी कधी तिथे कॅन्सरचं छोटंसं बेट सापडतं, म्हणून पुष्कळ डॉक्टर ती दुर्बिणीने काढायला सांगतात. पोट पूर्ण उघडायची वेळ क्वचित. आईची साखर, वजन, भूल झेपेल का, याचा हिशेब करून कुणी नुसतं लक्ष ठेवायलाही सांगेल, आणि तेही चुकीचं नाही. हे उद्या सकाळी व्हायला हवं असं नाही, पण कार्तिकी होऊ दे, मग नाताळ होऊ दे, असंही करू नका. काही आठवड्यांत व्हावं. त्यानंतर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी खालून तपासणी.

एक गोष्ट सांगायची राहिली. अंग बाहेर येतं म्हणून कॅन्सर झाला, असं नाही. पाळी गेल्यावर अंडाशयं थंडावतात, पण शरीरातली चरबी थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवतच राहते आणि अस्तराला ते सतत चिथावतं. वजन आणि साखर असलेल्या बायकांत हा कॅन्सर जास्त दिसतो तो त्यामुळे. वजनाने अंगही खाली येतं. दोन्ही दुखणी एका घरात राहिली, एवढंच.

मामांचं लिहिलंत ते बरं झालं. आतड्याचा आणि पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर काही घराण्यांत एकाच आनुवंशिक दोषातून येतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. आईच्या त्याच मेणाच्या ठोकळ्यावर एमएमआर नावाची तपासणी करता येते. ती मागून घ्या, मामांचं वयही सांगा. ती ठीक आली तर तुमच्यावर टांगती तलवार बहुतेक नाही. बिघाड दिसला तर आधी आईची आणि मग तुमची रक्ततपासणी, आणि केस करायला निघालेल्या तुमच्या भावाचीही. हा दोष मुलग्यांनाही येतो आणि त्यांचं आतडं सांभाळावं लागतं.

आईला सांगायचं की नाही? सांगा. बांबोळीला कॅन्सरच्या विभागाची पाटी तिला वाचता येत नाही का? जिने कुळागराचं पाणी, मजूर, सुपारीचा भाव सगळं एकटीने पाहिलं, तिच्यापासून तिचंच शरीर लपवायचं हे मला पटत नाही. 'पिशवीत सुरुवातीचा कॅन्सर सापडला, पिशवीबरोबर निघून गेला असं दिसतंय, उरलेलं तपासायला जायचंय.' एवढं पुरे. पुढे ती विचारील तेवढं सांगा. आणि तिला एकटीला गाठून त्या डागांबद्दल नीट विचारा: कधी, किती, किती वेळा. डॉक्टरांना ते लागेल.

प्रश्न : माझं वय ४६, डिचोलीला शाळेत शिकवते. पाळी अजून आहे, अलीकडे कधी लवकर, कधी उशिरा. अंग थोडं खाली आलंय. डॉक्टर म्हणतात पिशवी ठेवून वर बांधून घेता येईल. पण माझ्या जावेची पिशवी काढली तर तिच्या रिपोर्टात हायपरप्लेजिया, एटिपिया नाही, असं आलं. मीही काढूनच टाकू का?

उत्तर : जाऊ तुमच्या रक्ताची नव्हे, तेव्हा तिच्या रिपोर्टाने तुमचा निर्णय घेऊ नका. तिचं म्हणाल तर हायपरप्लेजिया म्हणजे अस्तर दाट होणं. पेशींचं रूप बिघडलेलं नसेल, म्हणजे एटिपिया नसेल, तर पिशवी राहिली असती तरी वीस वर्षांत पाच टक्क्यांहून कमी बायकांत त्याचा कॅन्सर होतो. तिची तर पिशवीच गेली, विषय संपला. एटिपिया असता तर गोष्ट गंभीर होती. तिथे चाळीसेक टक्क्यांपर्यंत बायकांत शेजारीच लपलेला कॅन्सर सापडलेला आहे.

पिशवी ठेवून वर बांधायची कल्पना आपल्या मातीला नवीन नाही. डॉ. वि. ना. शिरोडकर, जन्म १८९९, आपल्या शिरोड्याचे. गर्भ टिकावा म्हणून पिशवीच्या तोंडाला घालायच्या टाक्यासाठी जगभर त्यांचं नाव घेतात, पण मूल हवं असलेल्या तरुण बायकांची खाली आलेली पिशवी पट्टीने वर ओढून बांधायचं त्यांचं स्लिंग ऑपरेशनही आम्ही शिकलो. आता खालून अस्थिबंधाला टाका घालूनही ते करतात.

तुमच्या बाबतीत अट एकच, पण पक्की. पाळी पुढेमागे होतेय आणि वय पंचेचाळीसच्या पुढे आहे, तेव्हा बांधण्याआधी सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा. ओपीडीत बारीक नळीने घेतात, पाच मिनिटांचं काम, पाळीसारखी कळ येते. तो चांगला आला तर पिशवी ठेवायला माझी हरकत नाही. घरात लिंचसारखं काही असेल, स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलेलं असेल, तर मात्र मी पिशवी ठेवायला सांगत नाही. ठेवली तर पुढे पाळी गेल्यावर डाग दिसला की लगेच यायचं, हे मनाशी धरून ठेवा. बांधलेली पिशवी नंतर काढणं जरा कटकटीचं असतं.

प्रश्न : काणकोणहून लिहितोय. आजी ७८ वर्षांची, अंग पूर्ण बाहेर, त्यावर जखम. अंग आत धरून ठेवायला रिंग बसवली होती, आता रक्त दिसतं. हृदयाचा त्रास आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात मार्गच शिवून बंद करूया, छोटं ऑपरेशन आहे. करावं का?

उत्तर : छोटं आहे आणि या वयाला चांगलंही आहे. ले फोर्ट या फ्रेंच सर्जनने १८७७ मध्ये हे सांगितलं. समोरची आणि मागची भिंत एकमेकींना शिवायची, पिशवी आतच राहते. बाजूला स्राव निघायला बारीक वाटा ठेवतात. पण एकदा मार्ग बंद झाला की अस्तरापर्यंत पोचणं अवघड, म्हणून आत काय आहे ते आधीच पाहून घ्यायचं. रक्त जखमेतून येत असेल, गोळीमुळेही येत असेल, तरी सोनोग्राफीत अस्तर मोजून घ्या. ४ मिलिमीटरच्या वर असेल किंवा नीट दिसत नसेल तर तुकडा. जखमेसाठी काही दिवस रिंग बाहेर ठेवा, अंग आत सारून औषधाची पट्टी आणि डॉक्टरांनी सांगितलं तर इस्ट्रोजेनचं मलम लावा. दोन-तीन आठवड्यांत ती भरून आली नाही तर जखमेचाही तुकडा तपासायला हवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आणि नेताना रिंग कधी बसवली, शेवटची कधी धुतली, तो कागद बरोबर घ्या. बहुतेक घरांत तो सापडत नाही.